दोन लॅपटॉप, एक टेबल: डॉकिंग स्टेशन कोणतं घ्यावं?

गंगापूर_रोड

नमस्कार. आमच्या घरात कामाचं टेबल एकच आहे, चार फूट बाय दोन फूट, आणि त्यावर दोघांची नोकरी चालते. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा मी बसते. साडेसहाला नवरा बसतो, त्याचा क्लायंट अमेरिकेत आहे. दुसरी खोली मुलीच्या झोपेसाठी राखलेली, त्यामुळे दुसरं टेबल टाकायला जागा नाही. टेबलावर दोन २४ इंची मॉनिटर आहेत, दोन्ही साधे फुल एचडी. एकाला एचडीएमआय आणि व्हीजीए, दुसऱ्याला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट.

माझा लॅपटॉप कंपनीचा. विंडोज ११, चार्जर ६५ वॉटचा, डाव्या बाजूला दोन टाइप-सी पोर्ट आणि दोन्हींशेजारी विजेचं छोटं चिन्ह. नवऱ्याचा लॅपटॉप स्वतःचा, मॅकबुक एअर, अ‍ॅपलच्या एम१ चिपचा. रोज संध्याकाळी मी पाच वायरी काढते आणि तो चार लावतो. हे दोन वर्षं चाललंय. गेल्या महिन्यात माझा एचडीएमआय पोर्ट ढिला झाला, पिनला जरा धक्का लागला की मॉनिटर काळा. दुरुस्तीला दिला तर आठवडाभर लॅपटॉप हातात नाही. म्हणून आता डॉक घ्यायचा आहे, म्हणजे मॉनिटर, कीबोर्ड, चार्जिंग सगळं एका वायरीने लॅपटॉपला जोडणारा डबा: एक वायर काढली, एक वायर लावली, झालं.

एमजी रोडला दोन-तीन दुकानं फिरले. दोन हजारांपासून तीस हजारांपर्यंत डबे दाखवले आणि प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर, "टाइप-सी आहे ना, मग कुठलाही चालेल." ते मला पटलं नाही. बजेट पंधरा हजार. दोघांनाही दोन्ही मॉनिटरवर वेगवेगळं चित्र हवं. आणि एक अडचण आधीच सांगते: माझ्या लॅपटॉपवर मला काहीही इन्स्टॉल करता येत नाही. आयटीकडे दोनदा मागणी टाकून पाहिली, नाही म्हणाले.

कोकणकडा

विजेचं चिन्ह म्हणजे थंडरबोल्ट, टाइप-सी तोंडातूनच चालणारी सगळ्यात जलद जोडणी. सरळ थंडरबोल्ट ४ चा डॉक घ्या, सेकंदाला ४० गिगाबिट, दोन ४के (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचे) मॉनिटर चालतात. बजेट थोडं वाढवा, पण पुढची पाच-सात वर्षं बघावं लागणार नाही.

गंगापूर_रोड

थंडरबोल्टचा घेतला तर एम१ वर दोन्ही मॉनिटर चालतील का? तेवढं नक्की कळलं तर बजेट वाढवण्याचा विचार करता येईल.

सर्किट_बोर्ड

ताई, थांबा. नाही चालणार. पैसे भरण्याआधी विचारलंत हे फार बरं केलंत, कारण नेमकी हीच चूक करून लोक तीस हजारांचा डबा घरी आणतात.

डॉक स्वतः चित्र तयार करत नाही. लॅपटॉपच्या पोर्टमधून जे बाहेर येतं ते तो वेगवेगळ्या तोंडांना वाटून देतो. म्हणून डॉक निवडताना आधी डॉकची पेटी वाचायची नसते, आधी लॅपटॉपचा पोर्ट वाचायचा. पोर्टमध्ये जे नाही ते कितीही महाग डॉक देऊ शकत नाही. आणि मॅकबुक एअर एम१ हे यंत्र बाहेरचा एकच मॉनिटर चालवतं. ती मर्यादा चिपमध्ये आहे. एम२ एअरचं तसंच. २०२४ च्या एम३ एअरमध्ये दोन मॉनिटर चालायला लागले, पण झाकण बंद ठेवून. झाकण उघडं ठेवून दोन, हे एअरमध्ये २०२५ च्या एम४ पासून आलं. तुमच्या यजमानांनी थंडरबोल्ट ४ लावला, ५ लावला, तरी एकच.

दुसरी गोष्ट, तीही दुकानात कोणी सांगत नाही. टाइप-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव आहे. आत काय वाहतं ते वेगळं. काही पोर्टमधून फक्त डेटा, काहींतून डेटा आणि चार्जिंग, काहींतून त्याबरोबर डिस्प्लेपोर्टचं चित्र, आणि काहींतून थंडरबोल्ट. पोर्टशेजारी इंग्रजी डी आणि पी एकमेकांत गुंतवल्यासारखी खूण असेल तर चित्र येतं. विजेचा बाण असेल तर थंडरबोल्ट. काहीच खूण नसेल तर मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या साइटवर तपशील वाचायचा, अंदाज करायचा नाही.

तुमचा विंडोज लॅपटॉप सोपा आहे. विंडोजमध्ये एमएसटी नावाची सोय चालते, म्हणजे एकाच डिस्प्लेपोर्ट प्रवाहातून दोन मॉनिटरची दोन वेगळी चित्रं पाठवता येतात. त्याला ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारं वेगळं सॉफ्टवेअर, लागत नाही, आयटीची परवानगी लागत नाही. मॅक ही सोय वापरत नाही. एमएसटीचा डॉक मॅकला लावला की दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसतं. तुमच्याकडे असंच होणार: तुम्हाला दोन, त्यांना एकाचीच नक्कल.

इंद्रायणीकाठ

मग डिस्प्लेलिंकचा डॉक घ्या ना. माझ्या एम१ वर तीन वर्षं दोन मॉनिटर चालतायत.

सर्किट_बोर्ड

@इंद्रायणीकाठ, बरोबर, मॅकसाठी तोच रस्ता आहे. पण डिस्प्लेलिंकमध्ये लॅपटॉपचा प्रोसेसर चित्र दाबून लहान करतो, साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतो आणि डॉकमधली चिप ते परत उलगडते. त्यासाठी लॅपटॉपवर ड्रायव्हर लागतो. विंडोजमध्ये तो बऱ्याचदा अपडेटमधून आपोआप येतो, पण कंपनीच्या लॅपटॉपवर अपडेट कंपनीच्या ताब्यात असतात. ताईंच्या यंत्रावर तो येईल असं धरून पैसे घालू नयेत.

मॅकवरही काही गोष्टी आधी माहीत असाव्यात. ड्रायव्हरला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते, ती पाहून लोक घाबरतात. ती नसेल तर त्याला चित्र उचलताच येत नाही, म्हणून मागतो. ओटीटीवरचे चित्रपट तो चालू असताना काळे दिसतात. आणि रीस्टार्ट केल्यावर लॉगिन होईपर्यंत तो मॉनिटर उठत नाही, तेवढ्यापुरतं झाकण उघडायचं. कोड, एक्सेल, मेल, मीटिंग यांना काही त्रास नाही. व्हिडिओ एडिटिंगला मात्र मी हे कोणाला सुचवणार नाही.

कोकणकडा

एम१ ची मर्यादा मला माहीत नव्हती, माझ्याकडे दोन्ही विंडोज. माझा सल्ला मागे घेतो. तरी एक प्रश्न: ताईंसाठी साधा टाइप-सी डॉक पुरेल का? उद्या ४के मॉनिटर घेतला तर?

सर्किट_बोर्ड

हिशोब मांडतो. टाइप-सीच्या तोंडात जलद तारांच्या चार जोड्या असतात. साधा डॉक जलद यूएसबी आणि चित्र दोन्ही एकाच वेळी देतो तेव्हा दोन जोड्या यूएसबीला जातात, चित्राला दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने त्या दोन जोड्यांमधून सेकंदाला ८.६४ गिगाबिट चित्र जातं. फुल एचडी, ६० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला साठ वेळा नवं चित्र), एका मॉनिटरला साधारण ३.२ लागतात. दोनांचे साडेसहाच्या आत. म्हणजे ताईंचे दोन मॉनिटर सगळ्यात साध्या एमएसटी डॉकवरही आरामात बसतात.

४के ला ६० हर्ट्झवर साडेबारा लागतात. तो त्या साडेआठात बसत नाही, म्हणून स्वस्त डॉकवर ४के लावला की ३० हर्ट्झ मिळतं आणि माउसचा बाण तुटक तुटक सरकताना दिसतो. डोळ्यांना फार त्रास होतो त्याचा. डिस्प्लेपोर्ट १.४ चालवणारा लॅपटॉप आणि डॉक असेल तर त्याच दोन जोड्यांतून १२.९६ जातात आणि एक ४के जेमतेम मावतो. दोन ४के हवे असतील तेव्हा थंडरबोल्टला पैसे मोजावेत. पेटीवर नुसतं "४के" लिहिलं असेल तर शेजारी हर्ट्झ किती ते शोधा. ते लिहिलेलंच नसेल तर मी तरी तो डबा ३० चाच धरून चालतो.

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत माझ्या टेबलावर थंडरबोल्टचा डॉक आहे आणि तो उत्तम चालतो, पण मी रोज मोठ्या फाइली बाहेरच्या ड्राइव्हवर टाकते, म्हणून त्याचं मोल वसूल होतं. त्या ड्राइव्ह नसत्या तर मीही साधाच घेतला असता. पुण्यात भावासाठी एक नेला होता, त्यावरून दोन गोष्टी सांगते. अ‍ॅडाप्टरवर "१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" लिहिलेलं असेल तर कन्व्हर्टर वगैरे लागत नाही, भिंतीकडची सुटी वायर फक्त भारतीय तीन पिनची घ्यायची. वॉरंटी मात्र बहुतेकदा त्या देशापुरती असते, ते आधी विचारून घ्या. बिघडला तर परत पाठवण्यात डॉकच्या निम्मी किंमत जाते.

तापकीर_गल्ली

जुना डॉक चालणार असेल तर पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे कंपन्यांचे लीजवरून परत आलेले डॉक मिळतात, नव्याच्या कितीतरी कमी किमतीत. मी दोन घेतले, दोन्ही चालू आहेत. पण तीन गोष्टी दुकानातच बघायच्या. मूळ अ‍ॅडाप्टर सोबत आहे का, कारण बऱ्याच डॉकची चार्जिंगची पिन त्या कंपनीची स्वतःची असते आणि सुटा अ‍ॅडाप्टर शोधताना जीव जातो. डॉकची वायर डॉकलाच जोडलेली आहे की सुटी, कारण जोडलेली वायर मानेशी मोडली की डॉक संपला. आणि आपला लॅपटॉप सोबत नेऊन दोन मॉनिटर लावून दाखवायला सांगायचं. जो दुकानदार दाखवत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही.

वायरिंग_काका

मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. सर्वांनी चित्राची बाजू सांगितली, मी विजेची सांगतो, कारण ती कोणी विचारत नाही.

पहिलं, वॉट. डॉकच्या पेटीवर "१०० वॉट" असतं, पण ते अ‍ॅडाप्टरचे की लॅपटॉपला पोचणारे, हे बघ. डॉक स्वतःसाठी काही ठेवतो. ज्या छोट्या हबला स्वतःचा अ‍ॅडाप्टर नसतो आणि तुमचाच चार्जर त्यात खोचायचा असतो, तो दहा-पंधरा वॉट स्वतः खातो. तुझा ६५ चा चार्जर त्यात लावलास तर लॅपटॉपला पन्नासच मिळतील. काम करताना चार्जिंग हळूहळू उतरत जाईल आणि तुला वाटेल बॅटरी खराब झाली. स्वतःच्या अ‍ॅडाप्टरवर चालणारा घे, लॅपटॉपला किमान ६५ पोचणारा. नवऱ्याच्या एअरचा मूळ चार्जर ३० वॉटचा आहे, त्याला कुठलाही पुरतो. जास्त वॉटने लॅपटॉप जळेल ही भीती मनातून काढ, लॅपटॉप मागतो तेवढेच डॉक देतो.

दुसरं, केबल. ५ अँपिअरची टाइप-सी केबल असेल तर तिच्या टोकात एक ओळखचिप असते. ती नसेल तर ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॉट, त्यापुढे नाही.

तिसरं, अर्थिंग. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून हात फिरवला की मुंग्या येतात, असं पुष्कळ जण सांगतात. दोन पिनच्या चार्जरमधून सूक्ष्म गळती होते आणि तिला जमिनीत जायला वाट नसते. डॉकचा अ‍ॅडाप्टर तीन पिनचा असेल आणि भिंतीतल्या सॉकेटला खरं अर्थिंग असेल तर हे थांबतं. जुन्या इमारतीत तिसरं भोक असतं, पण मागे वायर नसते. वायरमनला बोलावून तपासून घे, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे आणि ते डॉकपेक्षा महत्त्वाचं आहे. तिसरी पिन काढून दोन पिनच्या सॉकेटात खोचू नकोस, मी ते फार घरांत पाहिलंय.

चौथं, लाइट गेली तर. डॉकमध्ये बॅटरी नसते. लॅपटॉप चालू राहील, पण डॉक क्षणभर बंद पडला की दोन्ही मॉनिटर, लॅन, कीबोर्ड सगळं एकदम जातं आणि परत यायला पाच-दहा सेकंद लागतात. तेवढ्यात मीटिंग तुटते. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा पुढे यूपीएस मोडचा खटका आहे का बघ. त्या मोडमध्ये तो बदल इतका लवकर करतो की डॉकला कळत नाही. डॉक, दोन्ही मॉनिटर आणि राउटर एकाच इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घे. एकटा डॉक त्यावर ठेवून राउटर बाहेर राहिला तर काही उपयोग नाही.

गंगापूर_रोड

काका, मनापासून आभार. इन्व्हर्टर आहे आणि खटका "नॉर्मल"वर होता, आत्ताच बदलला. मुंग्या येण्याचं तर नवरा वर्षभर सांगत होता, मी लक्ष दिलं नाही. वायरमनला शनिवारी बोलावलंय.

राहिला प्रश्न एम१ चा. डिस्प्लेलिंकचा डॉक घेतला तर तो माझ्यावर चालणार नाही. एमएसटीचा घेतला तर नवऱ्याला एकच मॉनिटर. दोन डॉक घ्यायचे का मग?

लोणावळा_घाट

दोन्ही मॉनिटर विकून ३४ इंची रुंद मॉनिटर घ्या, ज्याच्या पोटातच टाइप-सी डॉक असतो. एम१ च्या दृष्टीने तो एकच मॉनिटर, त्यामुळे ड्रायव्हरची भानगडच नाही. मी हेच केलं आणि टेबलावर एक वायर उरली.

गंगापूर_रोड

कल्पना आवडली, पण माझ्या बजेटमध्ये बसणार नाही. शिवाय मला एका पडद्यावर मीटिंग शेअर करून दुसऱ्यावर स्वतःच्या नोंदी ठेवायच्या असतात. पूर्ण स्क्रीन शेअर करताना वेगळा पडदा असलेलाच बरा.

सर्किट_बोर्ड

काल रात्री यावर विचार करत होतो. ताई, तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच उत्तर आहे: दुसऱ्या मॉनिटरला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट, दोन वाटा आहेत.

असं करा. डॉक साधा एमएसटीचा घ्या. डॉकच्या एचडीएमआयमधून पहिला मॉनिटर. डॉकच्या डिस्प्लेपोर्टमधून दुसरा मॉनिटर. तुमचं काम इथेच संपलं, काहीही इन्स्टॉल न करता. आता यजमानांसाठी डिस्प्लेलिंकचा छोटा सुटा अ‍ॅडाप्टर घ्या, एका टोकाला टाइप-सी, दुसऱ्याला एचडीएमआय, फुल एचडीचा पुरे. तो दुसऱ्या मॉनिटरच्या रिकाम्या एचडीएमआयला कायमचा लावून ठेवा. त्यांच्या एअरला डाव्या बाजूला दोन पोर्ट आहेत. एकात डॉक, दुसऱ्यात हा अ‍ॅडाप्टर. संध्याकाळी ते दुसऱ्या मॉनिटरचं बटण दाबून इनपुट एचडीएमआयवर घेतील. पहिला मॉनिटर डॉकमधून थेट, दुसरा अ‍ॅडाप्टरमधून. ड्रायव्हर फक्त त्यांच्या मॅकवर.

अ‍ॅडाप्टर डॉकच्या यूएसबीत लावू नका, थेट मॅकला लावा. डॉकमध्ये राहिला तर सकाळी तुमच्या कंपनीच्या लॅपटॉपला एक अनोळखी उपकरण दिसेल आणि आयटीचा मेल येईल.

कीबोर्ड, माउस, वेबकॅम, लॅन हे सगळं डॉकला. वायर ज्याच्या लॅपटॉपला, त्याच्याकडे सगळं जातं. वेगळा स्विच घ्यायची गरज नाही.

इंद्रायणीकाठ

+१. हे मला सुचलं नव्हतं. माउस वायरलेस असेल तर एक भर घालतो: त्याचं छोटं रिसीव्हर डॉकच्या जलद यूएसबी पोर्टशेजारी लावू नका. यूएसबी ३ मधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ लहरींचा गोंगाट निघतो आणि वायरलेस माउसही त्याच लहरींवर चालतो, इंटेलनेच २०१२ मध्ये यावर लेख प्रसिद्ध केला होता. माउस अडखळतो आणि माणूस सेल बदलत बसतो. एक हातभर एक्स्टेंशन केबल लावून रिसीव्हर टेबलावर पुढे आणा, किंवा डॉकला जुना यूएसबी २ पोर्ट असेल तर त्यात लावा.

तापकीर_गल्ली

आणि डॉकची मूळ केबलच वापरा. माझे चार दिवस यात गेले. मूळ केबल आखूड वाटली म्हणून फोनच्या चार्जरची दोन मीटरची लावली. चार्जिंग होत होतं, माउस चालत होता, मॉनिटर मात्र काळे. मी डॉक परत करायला निघालो होतो. फोनसोबतच्या बऱ्याच केबलमध्ये जलद जोड्या नसतातच, फक्त यूएसबी २ च्या तारा असतात, ४८० मेगाबिटच्या. बाहेरून दोन्ही केबल अगदी सारख्या दिसतात.

गंगापूर_रोड

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय.

डॉक नवा घेतला, एमएसटीचा, स्वतःच्या अ‍ॅडाप्टरसह, लॅपटॉपला ८५ वॉट देणारा. दुकानात लॅपटॉप घेऊन गेले आणि दोन मॉनिटर लावून दाखवा म्हटलं. पहिल्या दुकानाने नाही म्हटलं, दुसऱ्याने लगेच लावून दाखवले. डिस्प्लेलिंकचा अ‍ॅडाप्टर ऑनलाइन मागवला. दोन्ही मिळून पंधरा हजारांच्या आत बसलं.

माझ्याकडे लावल्या क्षणी दोन्ही मॉनिटर आले, काहीही विचारलं नाही. नवऱ्याकडे पहिल्या दिवशी दुसरा मॉनिटर काळाच. स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी दिली होती, पण त्यानंतर ड्रायव्हरचं अ‍ॅप बंद करून परत उघडायचं राहिलं होतं. ते केल्यावर आला. रात्रीचे कॉल आता लॅनवर होतात. आधी वायफायवर त्याचा आवाज तुटायचा, ते थांबलंय. वायरमनने सांगितलं की टेबलामागच्या सॉकेटला अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती. आता आहे, मुंग्या गेल्या.

परवा दुपारी अडीचला लाइट गेली तेव्हा माझी मीटिंग चालू होती. मॉनिटर लुकलुकलेसुद्धा नाहीत. पंखा बंद झाला तेव्हा कळलं.

एकच प्रश्न उरलाय. डॉक हाताला बराच गरम लागतो, विशेषतः दुपारी. हे ठीक आहे का?

वायरिंग_काका

कोमट ते गरम असणं साहजिक आहे, आत चिप आहेत आणि पंखा नाही. हात ठेवून पाच सेकंद धरता येत असेल तर चिंता नको. कागदांखाली किंवा लॅपटॉपखाली दाबून ठेवू नकोस, आडवा ठेवण्यापेक्षा उभा ठेवता आला तर ठेव. अ‍ॅडाप्टर गादी-उशीजवळ नको. आणि तुझ्या लॅपटॉपच्या त्या ढिल्या एचडीएमआय पोर्टवर कागदी टेपचा तुकडा लावून ठेव, म्हणजे घाईत कोणी त्यात वायर खुपसणार नाही.